फाटा मोर्गाना : न येणारी एसटी

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा ती चुकून माझ्याशी बोलते आहे असंच मला वाटलं. कारण माझं मराठी अख्ख्या हॉस्टेलला माहीत आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. 'एकोणनव्वद' म्हटलं की एटीनाइन की नाइन्टीनाइन, असा हिशेब मी अजूनही मनातल्या मनात करते. तोपर्यंत रिक्षावाले काका वैतागलेले असतात. पण गोष्टच अशी घडली, की ती इंग्लिश सेक्शनला देता येईना. एकदा लिहून पाहिली. छान झाली, पण खोटी वाटली. म्हणून हा प्रपंच. शुद्धलेखनाचं काय ते शेवटी सांगते.

तर, आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये एक फिल्म क्लब आहे आणि यंदा त्याची सेक्रेटरी मी आहे. महिन्यातून एका रविवारी टीव्ही रूममध्ये सिनेमा. आत्तापर्यंत लावलेले सगळे सिनेमे हिट गेले, कारण ते आधीच हिट होते. यंदा मला काहीतरी 'वेगळं' करायची हुक्की आली. आमच्या एका सरांकडे जुन्या डीव्हीडींचा साठा आहे. त्यातून मी निवडला वेर्नर हेरझॉग या जर्मन दिग्दर्शकाचा १९७१ सालचा 'फाटा मोर्गाना'. का निवडला? अगदी खरं सांगायचं तर इम्प्रेशन मारायला. मी तो स्वतः पूर्ण पाहिलेलाही नव्हता. दहा मिनिटं पाहिला आणि मग झोप लागली. पण त्याच्याबद्दल वाचलं मात्र भरपूर होतं. आपण इंजिनिअरिंगवाले नाहीतरी प्रॅक्टिकल न करता जर्नल पूर्ण करण्यात एक्स्पर्ट!

नोटीस बोर्डावर पोस्टर लावलं. 'फाटा मोर्गाना : निसर्ग, पुराणकथा आणि ध्वनी यांचा एक प्रयोग.' संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'हा फाटा कुठल्या रोडला लागतो?' रात्री दुसऱ्या अक्षरात, 'एसटी थांबते का?' आणि सकाळी तिसऱ्या अक्षरात, 'विनंती थांबा आहे.' मी चिडले, पण पोस्टर काढलं नाही. निदान वाचलं तरी जात होतं!

रविवारी रात्री आठला एकतीस जणी आल्या. मेसमधून खुर्च्या आणल्या होत्या. मी पुढे उभी राहून पाच मिनिटांचं इंग्लिश भाषण ठोकलं. मग लाइट बंद.

पडद्यावर एक विमानतळ. दूरवरून एक विमान येतं, उतरतं. कट. पुन्हा तीच जागा, तोच कॅमेरा, दुसरं विमान येतं, उतरतं. कट. तिसरं विमान. चौथं. पाचवं...

पाचव्या विमानाला मागून आवाज आला, "लँडिंग झालं का गं सगळ्यांचं?" सहाव्याला हशा. सातव्याला खुर्च्या सरकायला लागल्या. अशी आठ विमानं उतरतात. हेरझॉगने एका मुलाखतीत सांगितलं आहे, की सहाव्या-सातव्या विमानापर्यंत जो बसेल तो शेवटपर्यंत बसेल, असं त्याला वाटत होतं. त्याला आमचं हॉस्टेल माहीत नव्हतं. आमच्याकडे आठव्या विमानानंतरही मुली जातच राहिल्या. कुणाला असाइनमेंट आठवली, कुणाला आईचा फोन आला. एक तर नुसती "सॉरी हं" म्हणून गेली, ते सगळ्यात जास्त लागलं.

वीस मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर आम्ही तिघी उरलो होतो. एक मी. दुसरी माझी रूममेट, कारण खोलीची एकुलती एक किल्ली माझ्याकडे होती (तिची महिन्यापूर्वी हरवली). ती शेवटच्या बाकावर शीट पसरून बसली होती. आणि तिसऱ्या मेसच्या मावशी, कारण खुर्च्या मोजून परत नेल्याशिवाय त्यांना मेसला कुलूप लावता येत नव्हतं. म्हणजे स्वखुशीने आलेली एकही नाही. मी धरून! मलाही उठून जावंसं वाटत होतं, पण सेक्रेटरीला कसं उठता येणार?

आता थोडं सिनेमाबद्दल. त्याला स्टोरी नाही. हेरझॉग १९६८-६९ मध्ये सहारा वाळवंटात शूटिंगला गेला तेव्हा त्याच्या डोक्यात सायन्स फिक्शन होतं. दुसऱ्या ग्रहावरचे जीव पृथ्वीवर येतात आणि इथलं जे दिसेल त्याची फिल्म काढतात. तिथे पोचल्यावर समोरचं दृश्यच असं होतं, की त्याने ती कथा सोडून दिली आणि नुसतं शूट करत सुटला. तेव्हा तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. व्हॅनच्या टपावर कॅमेरा, स्टिअरिंगवर तो स्वतः. प्रवासात कॅमेरूनमध्ये पोलिसांनी भलतेच कुणी समजून त्यांना तुरुंगात टाकलं, वर मलेरिया झाला. आणि आम्हाला इंडस्ट्रिअल व्हिजिटची बस एक तास उशिरा आली तर आम्ही प्रिन्सिपलना अर्ज लिहितो!

सिनेमाचे तीन भाग आहेत : उत्पत्ती, स्वर्ग आणि सुवर्णयुग. नावं अशी आणि पडद्यावर काय, तर वाळू. वाळूच्या टेकड्या, गंजलेली पिंपं, मोडून पडलेलं विमान, वाळून गेलेली जनावरं. मधेच हँडेल, मोत्झार्ट. पुढे लिओनार्ड कोहेन. तिसऱ्या भागात तर एका टिचभर स्टेजवर एक बाई पियानो वाजवते, एक गॉगलवाला माणूस ड्रम वाजवतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. त्याला सुवर्णयुग म्हणायचं! पहिल्या दहा मिनिटांत हे सगळं वेडेपणाचं वाटतं. पण कॅमेरा हळूहळू सरकत राहतो, तेच तेच दिसत राहतं, तोच सूर चालू राहतो आणि मग डोळ्यांना आणि कानांना काहीतरी होतं. झोप नाही, पण पूर्ण जागही नाही. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचं तर बाहेरून काही नवीन येत नाही म्हटल्यावर आपल्याच आतला नॉइज ऐकू यायला लागतो. याच हेरझॉगने पुढे १९७६ मध्ये 'हार्ट ऑफ ग्लास'मध्ये नटांना खरोखर हिप्नोटाइज करून काम करून घेतलं. इथे तो प्रयोग प्रेक्षकांवर आहे असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या भागात एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आहे. जर्मन. थोडा घोगरा, थोडा थकलेला, अजिबात नाटकी नाही. ती लोट्टे आइस्नर. सिनेमाचा इतिहास लिहिणारी मोठी विदुषी. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये तिला जर्मनी सोडून पॅरिसला पळावं लागलं, पुढे फ्रान्समध्येही छावणीत कोंडलं गेलं, तिथूनही ती निसटली. हेरझॉग तिला इतका मानायचा, की १९७४ मध्ये ती आजारी आहे हे कळल्यावर तो म्युनिकहून पॅरिसला ऐन थंडीत चालत गेला. आपण चालत गेलो तर ती मरणार नाही, अशी त्याची श्रद्धा. नवसच म्हणा ना. आणि ती १९८३ पर्यंत जगली!

ही म्हातारी जे वाचते ते 'पोपोल वूह'. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचं पुराण. जगाची उत्पत्ती कशी झाली याची कथा. सहाराचा आणि या कथेचा तसा काही संबंध नाही. मधे अख्खा अटलांटिक महासागर आहे. पण रिकामी वाळू समोर आणि 'तेव्हा काहीच नव्हतं' हे कानावर, असं एकत्र आलं की जोडलं जातं.

आणि इथेच मावशींनी विचारलं, "काय म्हणायली गं ही म्हातारी?"

मावशी बीड जिल्ह्यातल्या. इतका वेळ त्या गप्प बसून पाहत होत्या. मला वाटलं होतं त्यांना डुलकी लागली असेल. खाली इंग्लिश सबटायटल्स येत होती. मी म्हटलं, "मावशी, ती सांगतेय की सुरुवातीला सगळं... म्हणजे... एम्प्टी होतं. सायलेंट. नुसतं आकाश आणि... काम सी."

"काम कसलं?"

"काम नाही हो मावशी, काम म्हणजे... शांत."

पुढे मला शब्द सुचेना. सबटायटल निघून गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्लिश कळत होतं आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता. तेवढ्यात मागून, शीटवरून मान न उचलता, माझी रूममेट म्हणाली, "मावशी, ती म्हणतीये, अजून काहीच नव्हतं. माणूस नाही, जनावर नाही, झाड नाही, दगड नाही. वर आभाळ आणि खाली पाणी. पाणी पण निवांत. हालत नव्हतं. सगळं मुकं होतं."

"असं होय," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

माझ्या रूममेटबद्दल सांगायला हवं. ती जत तालुक्यातली. मराठी मीडियम. बोर्डात माझ्यापेक्षा जास्त मार्क. फर्स्ट इयरला आम्ही एकाच डिव्हिजनला होतो. ग्राफिक्सच्या लेक्चरला तिने उभं राहून एक डाउट विचारला, इंग्लिशमध्ये. त्यात एक शब्द चुकीचा उच्चारला. कुठला ते लिहीत नाही. मी पहिल्या बाकावर होते. मी तो शब्द बरोबर करून मोठ्याने म्हटला. मदत करायची म्हणून नाही. मला येतो हे दाखवायला. आख्खा वर्ग हसला, सरही हसले. ती खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात कधीच डाउट विचारला नाही. गेल्या वर्षी अलॉटमेंटमध्ये आम्ही एका खोलीत आलो. ती सिव्हिलला, मी ईएनटीसीला. भांडण कधीच नाही. 'लाइट बंद करू का', 'पाणी आलंय', 'किल्ली कुठंय'. दीड वर्ष एवढंच. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी तर नाहीच नाही. विसरली असेल असं मी स्वतःला सांगत होते.

त्या रात्री ती शीट गुंडाळून पुढे येऊन बसली. पडद्यावर लांब क्षितिजाजवळ पाणी चमकत होतं आणि त्या पाण्यावर एक गाडी तरंगत होती. चाकं नाहीत, रस्ता नाही. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे.

"आली बघा तुमची एसटी!" मावशी म्हणाल्या, आणि आम्ही तिघीही हसलो. (म्हणजे पोस्टरखालचं त्यांनीही वाचलं होतं!)

खरं म्हणजे ती गाडी तिथे नव्हतीच. हेरझॉगने सांगितलं आहे, की ती एक बस होती. ते सगळे तहानेने हैराण झालेले. बसमध्ये बर्फाचं पाणी मिळेल म्हणून धावत तिथे गेले तर बस नाही, माणसं नाहीत, चाकांची खूणसुद्धा नाही. बस दुसरीकडेच कुठेतरी, कितीतरी लांब होती. मी मावशींना म्हटलं, "हा भास आहे."

"भास कसला?" रूममेट म्हणाली. "भास असता तर कॅमेऱ्यात आला असता का? कॅमेऱ्याला भास होत नाही. हे मृगजळ. जमीन तापली की तिच्या लगतची हवा गरम, म्हणून पातळ. वरची थंड, म्हणून दाट. पातळ हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स कमी. मग वरून येणारा उजेड खाली येता येता वळतो आणि पुन्हा वर आपल्या डोळ्यात येतो. आपल्याला वाटतं तो जमिनीतून आला. म्हणून आभाळच खाली दिसतं आणि आपण त्याला पाणी म्हणतो."

मी बघतच राहिले. ती सर्व्हे कॅम्पबद्दल बोलायला लागली. दुपारी बारानंतर लेव्हल लावली तर स्टाफवरचे आकडे कसे नाचतात, लाइन ऑफ साइट जमिनीच्या फार जवळ का ठेवायची नाही, कर्व्हेचर आणि रिफ्रॅक्शनचं करेक्शन ०.०६७३ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग कसं येतं. "पुस्तकात उजेड सरळ जातो. आमच्या जतच्या रस्त्यावर मे महिन्यात नाही जात. आम्ही लहानपणी सायकलवरून त्या पाण्याच्या मागं जायचो. ते पुढं पुढं पळतं." दोन वर्षांत मी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. आणि हे सगळं तिने मराठीत सांगितलं, मधे टर्म्स तेवढ्या इंग्लिश. एकही शब्द अडला नाही.

(नंतर मी वाचलं, की काटेकोरपणे 'फाटा मोर्गाना' हा मृगजळाचा वेगळा प्रकार. त्यात उलटं असतं, खाली थंड हवा आणि वर गरम, आणि समुद्रावर हवेत महाल उभे राहिल्यासारखे दिसतात. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीत ते दिसायचे. लोकांना वाटायचं ही राजा आर्थरच्या गोष्टीतल्या मॉर्गन नावाच्या जादूगारणीची करामत, म्हणून तिचंच नाव. जर्मन लोक मात्र सरसकट सगळ्याच मृगजळाला फाटा मोर्गाना म्हणतात. आपलं नाव बघा : हरणाचं पाणी. त्यांनी दोष जादूगारणीला दिला, आपण हरणाची तहान लक्षात ठेवली.)

मग एक दृश्य आलं. एक मुलगा वाळवंटातल्या एका छोट्या कोल्ह्याला धरून उभा आहे. मोठ्या कानांचा कोल्हा. मुलगा काही बोलत नाही. नुसता कॅमेऱ्याकडे बघत उभा. कॅमेरा हलत नाही, मुलगाही हलत नाही. खूप वेळ. मला ते फार 'आर्टिस्टिक' वाटलं आणि मी तसं म्हटलंही.

रूममेट म्हणाली, "त्याला काय वाटत असेल?"

"कुणाला?"

"त्या पोराला. सगळे आपल्याकडे बघतायत आणि आपण काय बोलायचं ते माहीत नाही."

ती पडद्याकडेच बघत होती. मी पण. पुढचं दृश्य काय होतं ते मला आता आठवत नाही.

सिनेमा संपला. एकूण सव्वा तासाचा, पण तेव्हा रात्र उलटून गेल्यासारखं वाटलं. लाइट लावले. मावशींनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "म्हातारीची गोष्ट अर्धीच राहिली. माणूस केला का न्हाई शेवटी देवानं?"

आता पोपोल वूहचं भाषांतर मी वाचलेलं होतं, म्हणून मला पुढचं माहीत होतं. मी म्हटलं, सांगते. पण या वेळी ठरवलं, मराठीतच. अडलं तर अडलं.

देवांनी आधी मातीचा माणूस केला. तो बोलायचा, पण बोलण्यात अर्थ नाही, मान वळत नाही, आणि पाण्यात विरघळला. ("गणपतीसारखा," मावशी.) मग लाकडाची माणसं केली. ती बोलायची, चालायची, त्यांना पोरंबाळं झाली, पण काळीज नाही आणि डोकं नाही. आपल्याला कुणी केलं याची आठवणच नाही. मग देवांनी पूर पाठवला. आणि त्या माणसांवर त्यांच्याच घरातल्या वस्तू उलटल्या. कुत्री म्हणाली, तुम्ही आम्हाला उपाशी ठेवलंत, काठीने मारलंत, आता आम्ही तुम्हाला चावणार. भांडी म्हणाली, रोज चुलीवर ठेवून आमची तोंडं काळी केलीत, आता आम्ही तुम्हाला जाळतो. ग्राइंडिंग स्टोन म्हणाला...

"जातं," रूममेट म्हणाली. मग विचार करून, "नाही, त्यांच्याकडे पाट्यासारखं असतं ना? पाटा-वरवंटा म्हण."

"पाटा-वरवंटा म्हणाला, रोज पहाटेपासून आमच्या तोंडावर घासलंत, आता आम्ही तुम्हाला वाटून काढतो."

मावशी खुर्ची तशीच हातात धरून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बरं केलं! बरंच केलं! आमच्या मेसमधले पातेले बोलाया लागले तर तुम्हा पोरींचं काय खरं न्हाई. निम्मी भाजी टाकून देता!" मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "पण जातं बोलतंच की. माझी आई दळायची तवा ती घरघर सुरू झाली की मी तिच्या मांडीवर झोपायची. आता ते गिरणीत दळून आणल्यावर कसलं बोलणं!"

जात्यावर बसलं की ओवी आठवते, ही म्हण मी स्कोअरिंगसाठी पाठ केली होती. आठवीत. दोन मार्कांना. त्या घरघरीत एक मूल झोपत असेल हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ज्या आवाजाला मी भाषणात 'हिप्नॉटिक साउंड' म्हणून मिरवत होते, तो मावशींनी चार वर्षांच्या असताना ऐकला होता.

शेवटी देवांनी मक्याचा माणूस केला. पिवळा मका आणि पांढरा मका दळून. ही माणसं जमली. "मका?" मावशींचा विश्वास बसेना. "मका तर जनावराला घालत्यात. ज्वारीची केली असती तर टिकली असती." मी सांगितलं, की मका मुळातला त्यांच्याकडचाच, तिकडूनच आपल्याकडे आला. तरी त्यांचं मत ज्वारीलाच!

पण ही मक्याची माणसं जरा जास्तच चांगली जमली. त्यांना सगळं दिसायचं, लांबचं, जवळचं, आभाळाच्या पार. देव घाबरले. हे तर आपल्यासारखेच झाले! मग त्यांनी माणसांच्या डोळ्यांवर फुंकर मारली. आरशावर श्वास सोडल्यावर कसं धूसर होतं, तसं. तेव्हापासून माणसाला फक्त जवळचं दिसतं.

"म्हणजे धूसर दिसतं तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट नाही," रूममेट म्हणाली. "डिझाइनमध्येच आहे."

मी म्हटलं, "जवळचं तरी कुठे दिसतं."

ती काही बोलली नाही. आम्ही एकतीस खुर्च्या मेसमध्ये नेऊन ठेवल्या, मावशींनी मोजल्या, कुलूप लावलं.

पोपोल वूहबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १५२४ मध्ये स्पॅनिश सैन्याने किचे लोकांचं राज्य बुडवलं. त्यांची जुनी पुस्तकं गेली. पुढे तीस-एक वर्षांत त्यांच्यातल्याच काही शिकलेल्या लोकांनी ही कथा पुन्हा लिहून काढली. भाषा स्वतःची, किचे. पण लिपी रोमन, पाद्र्यांनी शिकवलेली. १७०० नंतर लगेचच फ्रान्सिस्को हिमेनेस नावाच्या एका पाद्रीने तिची नक्कल केली, एका बाजूला किचे आणि शेजारी स्पॅनिश. तीच प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. मूळ हस्तलिखित हरवलं. हे वाचताना मला माझा मोबाइल आठवला. मी आईला रोज मराठीतच मेसेज करते, पण रोमन अक्षरांत. भाषा घरची, लिपी सिस्टरची. मला कॉन्व्हेंटवर राग नाही. तिथे मला पुस्तकं मिळाली, आणि पोपोल वूह मी इंग्लिशमधूनच वाचू शकले. पण दुसऱ्याला गप्प करायलाही मी तीच भाषा वापरली. ते काही कुठल्या सिस्टरने शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शिकले.

त्या रात्री लाइट बंद केल्यावर मी म्हटलं, "फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या लेक्चरला..."

अंधारातून आवाज आला, "हां."

"सॉरी."

बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. मला वाटलं झोपली.

मग ती म्हणाली, "ठीक आहे असं म्हणणार नाही मी. दोन वर्षं मला प्रत्येक व्हायवाला तोच शब्द आठवतो. आधी मराठीत वाक्य करते, मग इंग्लिश, मग तो शब्द नाही ना बघते, तोवर सर पुढचा प्रश्न विचारतात." मग थोड्या वेळाने, "पण तू विसरली नाहीस हे बरं झालं. मला वाटायचं मलाच लक्षात आहे."

एवढंच झालं. सिनेमासारखं कुणी रडलं नाही, मिठी मारली नाही. सकाळी पुन्हा 'पाणी आलंय'. फक्त आता रोज रात्री अर्धा तास आम्ही एक उद्योग करतो. ती मला तिच्या सेमिनारचा टॉपिक इंग्लिशमध्ये सांगते आणि मी मधे बोलायचं नाही, चूक झाली तरी नाही, पूर्ण होईपर्यंत. अवघड जातं. माझी जीभ वळवळते. मग मी तिला दिवसभरातली एक गोष्ट मराठीत सांगते, आणि तिला मात्र कितीही वेळा टोकायची परवानगी आहे. ही अट तिची.

हा लेखही तिनेच तपासला. लाल पेनने. एकूण एक्काहत्तर चुका (सेव्हन्टीवन, मी विचारून घेतलं). त्यातली एक तिने खोलीत सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला, भरल्या मेसमध्ये, तीन टेबलं पलीकडून मोठ्याने म्हणाली, "अगं, ती मृगजळ नाही, ते मृगजळ! नपुंसकलिंगी!" सगळ्या मेसला ऐकू गेलं. सगळ्या हसल्या. वाढता वाढता मावशी पण. माझा कान गरम झाला, घास तोंडातच राहिला. कुठे बघावं कळेना.

ती ताट घेऊन माझ्या टेबलाशी आली. समोर बसली. "कळलं, कसं वाटतं?"

मी मान हलवली.

"झालं मग," ती म्हणाली, आणि माझ्या ताटातलं लोणचं न विचारता उचललं.

ता.क. : पुढच्या महिन्यात सिनेमा निवडायचं काम क्लबने माझ्याकडून काढून घेतलं आहे. पोस्टर मात्र अजून नोटीस बोर्डावर आहे. काल पाहिलं तर सगळ्यात खाली, वळणदार मोठ्या अक्षरात, कुणीतरी नवीन ओळ लिहिली होती : 'एसटी आली होती. तुम्ही झोपला होतात.' अक्षर ओळखीचं वाटलं. मेसच्या मेनूच्या फळ्यावर रोज तेच असतं.